मुलीच्या अकरावीसाठी रत्नागिरीत बिऱ्हाड करावं का?

शिलाईवाली

नमस्कार. मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या अंगाला. घरात मी, हे, सासूबाई, मुलगी आणि एक गाय. मुलगी दहावी झाली, 86 टक्के. तिला सायन्स घ्यायचंय, पुढे फार्मसी की बीएस्सी ते तिचं तिलाच अजून ठरवता येत नाही. आमचं कोकण बोर्ड दरवर्षी निकालात राज्यात पहिलं येतं, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात, आणि जून उजाडला की तीच मुलं बॅगा घेऊन एस्टीत बसतात. यंदा आमची पाळी.

रोज जाऊन येऊन करायचं म्हटलं तर पैसे लागत नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मुलींना एस्टीचा पास फुकट आहे. पण पूर्णगड, पावस, गोळप करत भाट्याचा पूल ओलांडून स्टँडला लागेपर्यंत आमच्याकडून दीड तास जातो. परत तेवढाच. मे महिन्यात क्लासच्या डेमोला आठ दिवस असं करून बघितलं. पाचव्या दिवशी पोर जेवता जेवता झोपली, हातात भाकरीचा तुकडा तसाच. आणि तेव्हा पाऊसही नव्हता.

कॉट बेसिस बघितली. नाचण्याला एका बाईंकडे चार मुली एका खोलीत, कॉटचे 2,500 आणि दोन वेळच्या डब्याचे 3,300. बाई बऱ्या वाटल्या. पण मुलगी घराबाहेर एक रात्र राहिलेली नाही.

आणि तिसरं म्हणजे आम्हीच बिऱ्हाड करायचं. वन आरके 6,000 सांगितलं, डिपॉझिट 25,000. लाईट, दूध, भाजी धरून महिना दहा हजारांच्या खाली येत नाही. तांदूळ, कुळीथ, नारळ, कोकम घरचं नेऊ, तेवढाच आधार.

आता घोळ कुठे आहे ते सांगते. हे वायरमन आहेत, शिवाय 55 कलमं आहेत हापूसची. ह्यांचं म्हणणं, जायचं तर सगळे जाऊ. बाग कराराने देऊ, गाय विकू, आईला घेऊ, घराला कुलूप. रत्नागिरीत एवढ्या बिल्डिंगी उठतायत, वायरिंगचं काम मिळेलच. अर्धं इकडे अर्धं तिकडे नको, त्यात दोन चुली होतात. मला ते पटतंही आणि पोटात गोळाही येतो. मी ब्लाऊज शिवते. गावात अस्तरच्या ब्लाऊजचे 300 घेते, शहरात 500 च्या पुढे घेतात असं ऐकलंय. पण इथली गिऱ्हाइकं अकरा वर्षांपासूनची आहेत, काहींची मापंसुद्धा घेत नाही मी. तिकडे मला कोण ओळखतंय?

जे असे गेलेत त्यांनी खरं काय ते सांगा. हिशेबात काय धरायचं राहिलं होतं तुमचं?

तिठ्यावरचा

वहिनी, मी लांज्याकडचा. 2018 ला सहकुटुंब कुवारबावला आलो, दोन मुलांच्या शिक्षणासाठी. तुमच्या नवऱ्यासारखंच बोललो होतो, सगळे जाऊ म्हणून. म्हणून लिहितोय.

तुम्ही भाड्याचा हिशेब मांडलाय. गावच्या घराचा मांडलाच नाही. आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं. पहिल्या मे महिन्यात कौलं परतायला गडी मिळाला नाही, म्हटलं एक वर्ष निघेल. माकडांनी दोन कौलं सरकवली असणार. तेवढ्या फटीतून चार महिने पाणी एकाच वाशावर पडत राहिलं. गणपतीला दार उघडलं तर आत कुबट वास, माजघराची जमीन फुगलेली, आणि देवघराच्या चौकटीला बोट लावलं तर बोट आत गेलं. बाहेरून रंग जसाच्या तसा. आत सगळी वाळवी. माझी आई उंबऱ्यात बसून राहिली, काही बोलली नाही.

वासे, रिपा बदलून वर पत्रे घालायला एक लाख चाळीस हजार गेले. इथलं दोन वर्षांचं भाडं झालं ते. गावातला सुतार म्हणाला, चूल पेटत होती तोवर धूर लागत होता, म्हणून लाकूड राहिलं होतं. चूल बंद केलीत, आता वाळवीला मोकळं रान. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसरं शिमगा. पालखी घरी येते तेव्हा दार लावलेलं चालत नाही. मग तुम्ही रजा टाकून पळता. गणपतीला पळता, शिमग्याला पळता, लावणीला पळता. जाण्या-येण्याचे पैसे कुठल्याच वहीत लिहिलेले नसतात.

बागेचं तर अजिबात ऐकू नका. दोन-तीन वर्षांच्या कराराने घेणारा कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, किती ओततो त्यावर तुमचा ताबा राहत नाही. त्याला त्याच्या मुदतीत पीक काढायचंय, पुढे कलम वाळलं काय नि राहिलं काय. सगळेच तसे नसतात, पण आपण लांब असलो की बघणार कोण.

आता रत्नागिरीत येऊन वाईट झालं का? नाही. मुलगा पॉलिटेक्निक करून मिरजोळे एमआयडीसीत लागला. वडलांना रात्री दोनला छातीत दुखलं तेव्हा वीस मिनिटांत डॉक्टरसमोर होतो. गावात असतो तर गाडी शोधण्यातच तासभर गेला असता. तेव्हा या, पण कुलूप लावून येऊ नका.

कॉट नंबर तीन

काकू, मी गुहागर तालुक्यातली. अकरावी ते बीएस्सी, पाच वर्षं रत्नागिरीत कॉट बेसिसवर काढली, गोगटे-जोगळेकरला होते. तुमच्या मुलीच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलते.

आधी नावडतं सांगते. तुम्ही कायमच्या सोबत येऊ नका. माझ्या वर्गातल्या एकीची आई अशीच बिऱ्हाड करून आली होती. आईला दिवसभर दुसरं काही नव्हतं, मग सव्वापाचला सुटलीस तर पावणेसहाला का आलीस, हेच. दोन मार्क कमी पडले की "तुझ्यासाठी गाव सोडलं" हे वाक्य ठरलेलं. ती मुलगी मांडवीला सूर्यास्त बघायलासुद्धा घाबरत यायची. तुम्ही तशा नसाल. पण सहा हजार भाडं मुलीच्या डोक्यावर बसतं, ते तिला कळतं.

पण पहिलं वर्ष मात्र या. कारण असं. मी मराठी माध्यमाची. दहावीला विज्ञानात 92 होते. अकरावीत पहिल्या दिवसापासून सगळं इंग्लिश. सर फोटोसिंथेसिस म्हणत होते आणि मी वहीत स्पेलिंग शोधत होते. हे तर आपलं प्रकाशसंश्लेषण, सातवीपासून पाठ असलेलं, हे मला दिवाळीपर्यंत नीट बसलं नव्हतं. रूमवर बाकीच्या तिघी बारावीच्या, आपापल्या अभ्यासात. रविवारी संध्याकाळी डबा बंद असायचा, तेव्हा मॅगी आणि रडणं एकत्र. त्या चार महिन्यांत घरचं कुणी जवळ असतं तर माझी बारावी वेगळी झाली असती, हे मी आजही म्हणते. नंतर नगर वाचनालय सापडलं, 1828 सालचं आहे ते, तिथे आधी नुसती पेपर चाळायला जायचे. मग गाडी रुळावर आली.

आणखी एक, हे दोन वर्षांचं काम धरू नका. अकरावी-बारावी दोन, पुढे डिग्रीची तीन, नव्या धोरणात ऑनर्स हवं असेल तर चार. फार्मसीचीही चारच. म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षांचं बिऱ्हाड आणि एका वर्षाचं बिऱ्हाड यांचा हिशेबच वेगळा होतो. फार्मसीकडे गेली तर 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. कागद आत्तापासून काढून ठेवा, ऐन वेळी सेतूत रांग असते.

आणि तुम्हाला कोण ओळखतंय म्हणालात ना? कॉलेजच्या मुलींना ब्लाऊज रोज नको असतो. त्यांना ऑनलाईन मागवलेला कुर्ता बाजूने आत घेऊन हवा असतो, जीन्स खालून दोन बोटं कमी करून हवी असते, तीही उद्यापर्यंत. मी अल्टरला पन्नास-साठ रुपये द्यायचे आणि तरी टेलर चार दिवस लावायचा. डिसेंबरात ट्रॅडिशनल डे आणि गॅदरिंग आलं की आईची साडी आणि ब्लाऊज मात्र आईच्या मापाचा, अशा तीस मुली एका होस्टेलात सापडतील. एका मुलीचं काम वेळेत करून द्या, बाकीच्या ती आणते.

वरचा मजला भाड्याने

मी रत्नागिरीतला. निवृत्त. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवतो, तेव्हा घरमालकाच्या बाजूचं ऐका.

खोली उन्हात बघू नये. पाऊस लागलेला असताना बघावी. पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपावी आणि कपाट भिंतीला लावलेलं असेल तर त्याच्या मागे नाक घालावं. ओल तिथे लपते. मालक "नवीन रंग दिलाय" म्हणाला की दोनदा बघावं.

नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या ग्रामपंचायती आहेत, नगरपालिका नव्हे. लोक सगळ्याला रत्नागिरीच म्हणतात. पाणी कुणाचं, मे महिन्यात किती वेळ येतं, आवारात विहीर आहे का, हे शेजारणीला विचारावं, मालकाला नव्हे. (मी मालक असून सांगतोय.)

भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात, तो नोंदवूनच घ्यावा. पंचवीस हजार डिपॉझिट सोडताना कशाकशाचे कापणार ते त्यात लिहून घ्यावं. रंगाचे पैसे हा वादाचा नेहमीचा मुद्दा.

शिलाई करणार असाल तर तळमजला बघा. वरच्या मजल्यावर रात्री साडेदहाला मशीन चालू झालं की खालच्या माणसाच्या डोक्यात ते घरघरतं. माझ्याकडे यावरून एक भाडेकरू गेला. पिको-फॉलची पाटी लावायची असेल तर तेही आधी विचारा, मागून नको.

खर्चाचं म्हणाल तर भाजी घाटावरून येते. पावसात आंबा घाटात दरड आली की दोन दिवसांत कोथिंबीर दिसेनाशी होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुकं गावाहून भरपूर आणावं. ज्यांच्या घरी परसात भेंडी-पडवळ आहे त्यांना हे दर पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. बाकी शहर लहान आहे, 2011 च्या जनगणनेत 76 हजारांच्या आसपास. इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक, फिशरीज, गोगटे सगळ्यांची पोरं मिळून ते भरलेलं दिसतं, म्हणून जूनमध्ये खोल्यांचे भाव चढतात. गणपतीनंतर घासाघीस करता येते. पण तुम्हाला तेवढा वेळ नाही.

शिलाईवाली

सगळ्यांचे आभार. तिठ्यावरच्या दादांचं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. देवघराच्या चौकटीपाशी आले तेव्हा हे उठून आत गेले आणि आमची चौकट ठोकून बघितली. आवाज भरीव आहे. मग बाहेर येऊन म्हणाले, बाग कराराने नको.

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं एवढे दिवस, हे मला तेव्हा लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तू जा गो पोरीला घेवन. मी हाय घरात, गाय हाय. चूल काय बंद व्हायची नाय." आणि परत सुपात बघायला लागल्या. त्या 76 च्या आहेत, एस्टी त्यांना फुकट. म्हणाल्या, महिन्यातून एकदा मीच येईन बघायला, मला कोण तिकीट मागतंय.

तेव्हा सध्या असं ठरतंय: मी आणि मुलगी, एक वर्ष. शनिवारी प्रॅक्टिकल नसेल तर दुपारच्या गाडीने गावी, सोमवारी पहाटे परत. तिची सहामाही बघायची आणि पुढच्या जूनला कॉट बेसिस. मुलीला सांगितलं तर ती आधी खूष झाली, मग विचारलं, "पुढच्या वर्षी नक्की जाशील ना?" कॉट नंबर तीन, तू म्हणालीस ते खरं आहे बाई.

दोन चुली होणार ते होणारच. साधारण चार हजार जास्त जातील महिन्याला कॉटपेक्षा. महिन्यात ऐंशी कुर्ते अल्टर केले तर निघतात. ऐंशी मिळतील का माहीत नाही, चाळीस तरी मिळोत. गावच्या बायकांना सांगितलंय, ब्लाऊजपीस शनिवारी द्या, पुढच्या शनिवारी घ्या. दोघी फुगल्यात, बाकीच्या हो म्हणाल्या.

सोमवारी खोल्या बघायला येतेय, पाऊस असेलच. एक विचारायचं राहिलं. माझं पायमशीन आहे, लोखंडी स्टँडचं. टेम्पोवाला दीड हजार म्हणतोय. एस्टीत नेऊ देतात का?

तिठ्यावरचा

टेम्पो नको. स्टँड आणि फळी सोडवून बांधा, एस्टीच्या टपावर किंवा मागे डिकीत जाईल, लगेजचं तिकीट काढावं लागेल. कंडक्टरला आदल्या दिवशी विचारून ठेवा. हेड मात्र टपावर देऊ नका. गोधडीत गुंडाळून, वरून प्लास्टिक घालून मांडीवर घ्या. पूर्णगडच्या पुलावर वारा आडवा येतो, खिडकीकडची सीट मुलीला द्या.