बर्गनहून किनारी जहाज : फेब्रुवारीतील प्रवासाबाबत सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मी, सौ. आणि आई-बाबा असे चौघे स्कँडिनेव्हियाला निघत आहोत. कोपनहेगन आणि स्टॉकहोम पाहून ओस्लो, तेथून रेल्वेने बर्गन आणि बर्गनहून नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट उत्तरेकडील शेवटच्या बंदरापर्यंत, म्हणजे किर्केनेसपर्यंत जाणारे जहाज, असा बेत आहे. एजंटाने ओस्लो-बर्गन रेल्वे आणि जहाज एकाच दिवशी ठेवले आहे. गाडी दुपारी साडेतीनच्या सुमारास पोहोचते आणि जहाज रात्री साडेआठला सुटते, त्यामुळे पाच तास हाताशी आहेत, असे त्याचे म्हणणे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दोघेही शुद्ध शाकाहारी आहेत. सी-७०१ च्या ताई मागे हा प्रवास करून आल्या आहेत, असे कळले. ताई, जहाजात चढण्याची नेमकी पद्धत काय असते आणि आम्ही कशाची काळजी घ्यावी, हे सवडीने सांगावे.

सी-७०१
दादा, सर्वप्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका. आपण ज्याला क्रूझ म्हणतो, म्हणजे सिंगापूर किंवा मुंबईहून निघणारे, नाचगाण्याचे आणि जलतरण तलावाचे तरंगते हॉटेल, ते हे नव्हे. हे मुळात टपालाचे, मालाचे आणि गावकऱ्यांना इकडून तिकडे नेण्याचे जहाज आहे, आणि आपण पर्यटक त्यात सोबतीला चढतो. बर्गन ते किर्केनेस या मार्गावर ३४ बंदरे आहेत आणि जाऊन-येऊन १२ दिवसांचा फेरा होतो. पूर्वी सगळी जहाजे हुर्टिग्रुटनची होती. २०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांत वाटला गेला असून सात जहाजे हुर्टिग्रुटनची आणि चार हाविलाची आहेत. वेळापत्रक सरकारशी झालेल्या करारानुसार चालते, त्यामुळे कोणाची गाडी उशिरा आली म्हणून जहाज धक्क्यावर थांबून राहत नाही.

म्हणूनच तो एकाच दिवसाचा बेत मला पसंत नाही. ओस्लो-बर्गन रेल्वेमार्ग हार्डांगरच्या पठारावरून जातो, वाटेतील फिन्से स्थानक १,२२२ मीटर उंचीवर आहे आणि फेब्रुवारीत तेथे वारा आणि बर्फ एकत्र आले की गाड्या रखडतात, कधी रद्दही होतात. गाडी वेळेवर धावली तर साडेसहा-सात तासांचा तो प्रवास अतिशय देखणा आहे, यात शंका नाही. परंतु संपूर्ण सहलीचा सर्वांत महाग भाग त्या एका गाडीच्या भरवशावर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. आदल्या दिवशी बर्गनला पोहोचा आणि एक रात्र तेथे राहा. ब्रिगेनची जुनी लाकडी वखारघरे पाहण्यात अर्धा दिवस सहज जाईल. छत्री मात्र नेऊ नका, टोपी असलेला जलरोधक कोट न्या. बर्गनचा पाऊस आडवा येतो आणि छत्री दहा मिनिटांत उलटी करतो.

ए-२०३ (आजोबा)
हे वाचून आमची कोकणची बोट आठवली. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत वेंगुर्ल्याकडे जायची. तिच्यातही टपाल, आंब्याच्या पेट्या आणि माणसे एकत्रच असत. जेथे धक्का नसे तेथे बोट खोल पाण्यात थांबे आणि पडावातून किनाऱ्यावर उतरावे लागे. आमची आई प्रत्येक वेळी पडावात पाय ठेवताना देवाचे नाव घेई. नॉर्वेची मंडळी अजून ती पद्धत चालवीत आहेत, याचे कौतुक वाटते.

सी-७०१
आजोबा, तुलना अगदी योग्य आहे, फक्त तेथे आता प्रत्येक बंदरात पक्का धक्का आहे. त्यांच्याकडेही ही सेवा गरजेपोटीच सुरू झाली. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून सोडली आणि ती हॅमरफेस्टला पोहोचली. त्याआधी या दोन गावांमधील पत्राला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत वेळ लागे, असे सांगतात. हिवाळ्याच्या अंधारात, खडकांनी भरलेल्या किनाऱ्यालगत रात्री जहाज हाकायला इतर कंपन्या धजावत नव्हत्या. विथने होकायंत्र, घड्याळ आणि स्वतः ठेवलेल्या नोंदींच्या बळावर ते करून दाखविले.

आता जहाजात चढण्याविषयी. विमानतळासारखी तपासणी मनात धरू नका. टर्मिनलवर खिडकीशी पासपोर्ट आणि आरक्षण दाखवायचे, फोटो काढला जातो आणि हातात एक कार्ड येते. तेच कार्ड केबिनची किल्ली, तेच जहाजावरील खर्चाचे खाते आणि तेच आत-बाहेर करण्याचा परवाना. त्यानंतर सुरक्षेची माहिती देतात आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवितात. ती गंभीरपणे ऐका, कारण उत्तरेच्या थंड पाण्यात काही मिनिटांचाही फरक पडतो. मोठ्या बॅगांना केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या धक्क्यावरच सोपविता येतात. सामान किती वाजल्यापासून घेतात, हे तिकिटासोबतच्या पत्रात दिलेले असते. औषधे, पासपोर्ट, एक गरम कपडा आणि दातांचा ब्रश हातातील पिशवीत ठेवा.

प्रत्येक बंदरात बाहेर पडताना कार्ड यंत्रावर टेकवावे लागते. आवाज झाला की तुम्ही बाहेर गेल्याची नोंद होते, परत येताना पुन्हा तेच करायचे. पायऱ्यांजवळ सुटण्याची वेळ दर्शविणारी पाटी असते. बाबांना सांगा की उतरण्यापूर्वी ती पाटी वाचायची आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढायचा. छोट्या गावांत जहाज जेमतेम पंधरा मिनिटे थांबते, ट्रॉन्डहाइमला सुमारे तीन तास आणि ट्रॉम्सोला जाताना सुमारे चार तास. तेथे खरोखर फिरता येते. मागे राहिलात तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, आणि हिवाळ्यात ते नेहमीच शक्य नसते.

बी-१०५
व्हिसाबाबत एक सूचना. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे तिन्ही शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा लागतो. परंतु अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक आहे त्या देशाकडे करावा लागतो. जहाजावरील रात्री नॉर्वेच्याच किनाऱ्यावरील आहेत, म्हणजे तुमचा अर्ज बहुधा नॉर्वेकडे जाईल. कोणत्या देशात किती रात्री होतात, हे मोजून मगच व्हिसासाठी भेटीची वेळ घ्या. विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे लागते. चलनांचा घोळ करू नका, तिन्ही देशांचे क्रोन वेगवेगळे आहेत. कार्ड मात्र जवळपास सगळीकडे चालते.

डी-१०२ (काका)
मी आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये होतो, म्हणून केबिनविषयी बोलतो. आई-बाबांसाठी जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी, कारण डोलणे तेथे सर्वांत कमी जाणवते. पुढच्या टोकाजवळची केबिन टाळा. रात्री दोन-तीनला एखाद्या बंदरात जहाज धक्क्याला लावताना जहाजाला बाजूला ढकलणारे पुढील आडवे पंखे चालू होतात आणि झोपलेला माणूस दचकून उठतो. नंतर बाजूचे दार उघडते, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते, पॅलेट खाली आपटतात आणि वीस मिनिटांत पुन्हा सगळे शांत. मला तो आवाज अंगाईसारखा वाटेल, वहिनींना वाटेल की नाही, ठाऊक नाही.

बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, त्यामुळे समुद्र तुलनेने शांत असतो. मात्र काही ठिकाणी तो आडोसा संपतो. बर्गनहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे स्टाडचे टोक येते, त्याच रात्री मोल्डेनंतर हुस्टाडव्हिका, पुढे ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला फोल्डा, मग बोडोहून लोफोटेनकडे जाताना वेस्टफ्योर्ड आणि शेवटी फिनमार्कचा उघडा किनारा. वादळ असेल तर या पट्ट्यांत जहाज चांगलेच हलते. मळमळीची गोळी लाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, तासभर आधी घ्यावी लागते. रक्तदाबाच्या औषधासोबत ती चालते का, हे इथल्या डॉक्टरांना आधी विचारा.

आणि एक महत्त्वाचे. या जहाजांवर सहसा डॉक्टर नसतो, कारण दिवसातून अनेकदा बंदर येते आणि आजारी माणसाला तेथील दवाखान्यात नेता येते. म्हणून औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा अधिक न्यावीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवावी.

बी-४०२
काका, ही डॉक्टरांची बाब मला माहीत नव्हती. एजंटाने तर ‘जहाजावर सर्व सोयी आहेत’ असे ठामपणे सांगितले होते. रेल्वे एक दिवस आधी घेण्याबाबत त्याला आजच कळवितो. ताई, थंडी किती असते? आई फार घाबरली आहे. आणि उत्तरेचा प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशातील तो अरोरा, नक्की दिसतो का?

सी-७०१
आईंना सांगा, घाबरू नका. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्याने वाहतो, त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत. बर्गनला तापमान शून्याच्या थोडे वरच असते, ट्रॉम्सोला उणे तीन-चारच्या आसपास. किर्केनेस मात्र मुख्य समुद्रापासून आत असल्यामुळे तेथे बरीच जास्त थंडी पडते. खरा त्रास वाऱ्याचा होतो. डेकवर उभे राहिल्यावर डोळ्यांतून पाणी येते आणि हातमोजा काढून फोटो काढायचा म्हटले तर बोटे काही क्षणांत बधिर होतात. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा आत लोकरीचा अंगालगतचा पोशाख, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारा कोट, अशी व्यवस्था अधिक उपयोगी पडते. जहाजाच्या आत उबदार असते, त्यामुळे थर काढता-घालता आले पाहिजेत.

बुटांच्या तळाला अडकवायचे काटे आई-बाबांसाठी अवश्य घ्या. बर्गन किंवा ट्रॉम्सोच्या दुकानात सहज मिळतात. गावांतील रस्त्यांवर वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा बर्फ असतो, आणि या वयात पडणे परवडत नाही. जहाजाच्या जिन्यावर आणि डेकवर मात्र ते काढून ठेवावे लागतात.

उत्तरेचा प्रकाश कोणी नक्की देऊ शकत नाही, कारण आकाश निरभ्र असावे लागते आणि हा किनारा ढगांचा आहे. दिसला की ध्वनिक्षेपकावरून सांगतात, मग मध्यरात्र असो किंवा जेवणाची वेळ. केबिनमधील ध्वनिक्षेपकाचे बटण रात्री चालू ठेवा. डोळ्यांना पुष्कळदा तो फिकट राखाडी-हिरवा पट्टा दिसतो, कॅमेऱ्यात अधिक हिरवा येतो, हे आईंना आधीच सांगून ठेवलेले बरे. काही कंपन्या ‘दिसला नाही तर पुढचा प्रवास मोफत’ असे वचन देतात, पण ते बहुधा जाऊन-येऊनच्या पूर्ण फेऱ्यालाच आणि ठरावीक हंगामातच लागू असते. तुम्ही एकाच बाजूने जात आहात, तेव्हा त्या जाहिरातीवर हिशेब मांडू नका. तसेच छायाचित्रांतील ट्रोलफ्योर्ड या कड्यांमधील अरुंद खाडीत जहाज हिवाळ्यात शिरत नाही, कारण हिमकडे कोसळण्याचा धोका असतो.

उत्तर ध्रुववृत्त चौथ्या दिवशी सकाळी ओलांडले जाते. किनाऱ्यालगतच्या एका छोट्या खडकाळ बेटावर पृथ्वीगोलाचे धातूचे स्मारक आहे. त्यानंतर डेकवर वरुणदेवाचा वेश केलेला कर्मचारी हौशी प्रवाशांच्या मानेवरून पाठीत बर्फाचा चमचा ओततो. बाबांना उत्साह असला तरी त्यांना थोडे मागेच उभे करा.

बी-४०२
बाबांना आताच सांगितले, ते म्हणतात मी पहिला रांगेत उभा राहणार. असो. आता शेवटचा प्रश्न, आणि आईच्या दृष्टीने तोच पहिला आहे. जेवण?

सी-७०१
संपूर्ण प्रवासाच्या तिकिटात तीन वेळचे जेवण बहुधा समाविष्ट असते. पदार्थांच्या यादीत मासे, रेनडिअर, खेकडे यांची रेलचेल दिसेल. शाकाहारी पदार्थ नक्की मिळतात, परंतु आगाऊ कळवावे लागते. केवळ ‘व्हेज’ लिहू नका, कारण तेथे अनेकांच्या मनात मासे शाकाहारातच बसतात. मांस नको, मासे नकोत, अंडे चालते की नाही, असे स्पष्ट लिहा आणि चढल्यावर उपाहारगृहातील प्रमुखांना पुन्हा तोंडी सांगा. हाविलाच्या जहाजांवर बुफे नसतो, थाळ्या छोट्या-छोट्या येतात आणि अन्न वाया जाऊ नये अशी त्यांची पद्धत आहे. पुन्हा मागितले तर देतात, संकोच करू नका.

घरून न्यायचे असेल तर थेपले, चिवडा, लसूण चटणी, दाण्याचा कूट हे ठीक आहे. पण पेढे, बर्फी, तूप, खवा असे दुधाचे पदार्थ अजिबात नेऊ नका. युरोपीय क्षेत्राबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि आईंच्या हातचे लाडू सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टोपलीत पडावेत, असे आपल्याला वाटत नाही. लाडू तेलात किंवा गुळाच्या पाकात वळता आले तर पाहा.

बी-४०२
कळले. आजच एजंटाला लिहून पाठवितो की बर्गनला आदल्या दिवशी मुक्काम, केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, आणि आहाराची नोंद चारही नावांपुढे स्वतंत्रपणे. ताई, ते आहाराचे कळविण्याचे पत्र इंग्रजीत कसे लिहिले होते, त्याची प्रत मिळेल का?

सी-७०१
संध्याकाळी फोटो टाकते. त्यात आमच्या सासूबाईंसाठी कांदा-लसूण नको असेही लिहिले होते, ती ओळ तुम्ही वगळा. तिच्यामुळे त्यांना तीन दिवस फक्त उकडलेले बटाटे मिळाले होते.