स्वतःच्या चित्रांचा पत्त्यांचा कॅट छापायचाय: कुठली प्रिंट-ऑन-डिमांड सेवा घ्यावी?

रेषाळ

५२ पानं, २ जोकर आणि नियमांचं १ पान, असा ५५ पानांचा कॅट तयार होतोय. राजा, राणी, गुलाम सगळे नवे काढलेत. पाठ गडद निळी, तिला कडेने १.५ मिमीची पांढरी किनार. फायली आरजीबी (पडद्याच्या रंगांत), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), पोकर साइझ. सध्या १० कॅट हवेत आणि तेही खरंच पिसायला, शोकेसमध्ये ठेवायला नाही. पुढे कुणी मागितला तर एकेक विकायचा विचार आहे.

मागणीनुसार छापून देणाऱ्या मेकप्लेइंगकार्ड्स आणि द गेम क्राफ्टर या दोन सेवांवर गाडी येऊन थांबलीय. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) की ३३०? लिनन, म्हणजे बारीक जाळीचा, की गुळगुळीत? प्लास्टिक घ्यावं का? साइटवर न लिहिलेलं पण माहीत असायलाच हवं असं काही असेल तर तेही सांगा.

तिर्री

जीएसएमच्या आधी पानांची संख्या बघा. तुमचं ५५वं पान तुम्ही कुठली सेवा घेता त्यावर फुकट पडेल किंवा महाग.

गेम क्राफ्टरवर पोकर साइझची पानं एका शीटवर १८ बसतात. ५४ म्हणजे बरोब्बर ३ शीट. ५५वं पान टाकलंत की चौथं शीट लागतं आणि त्यावरच्या १७ जागा रिकाम्या जातात. मेकप्लेइंगकार्ड्सच्या दराचे टप्पे १८, ३६, ५५, ७२, ९० पानं असे आहेत. म्हणजे तिथे ५५ चालतात, पण ५६वं पान टाकलं की थेट ७२चा दर. नियमांचं पान डब्याच्या मागच्या बाजूवर नेता आलं तर हा प्रश्नच मिटतो. नाहीतर एका जोकरचा बळी द्या, बहुतेक खेळांत तो डब्यातच बसलेला असतो.

फायलींचं माप दोघांचं जवळपास सारखं आहे. कापलेलं पान ६३.५ × ८८.९ मिमी, म्हणजे ३०० डीपीआयला ७५० × १०५० पिक्सेल. ब्लीडसकट, म्हणजे कापताना जाणारी बाहेरची पट्टी धरून, मेकप्लेइंगकार्ड्सला ८२२ × ११२२ लागतात आणि गेम क्राफ्टरला ८२५ × ११२५. मूळ फाइल १६५० × २२५० ची ठेवा आणि तिच्यातून दोन्ही मापं काढा. ब्लीडसाठी चित्र ताणून मोठं करू नका, पार्श्वभूमी खरोखर बाहेरपर्यंत रंगवा. आकडे आणि चिन्हं कापायच्या रेषेपासून निदान ३ मिमी आत हवीत.

सेवा निवडायची तर विक्रीचा प्रश्न आधी सोडवा. गेम क्राफ्टरवर तुमचा कॅट त्यांच्या दुकानात लावता येतो. गिऱ्हाइकाने मागवला की ते छापतात आणि पाठवतात, फरकातला हिस्सा तुमच्या खात्यात. १० कॅट एकदम छापून हातात ठेवायचे असतील तर मेकप्लेइंगकार्ड्समध्ये कागदाचे पर्याय जास्त आहेत. दोघांपैकी कुठूनही एकच कॅट दुसऱ्या देशात मागवला तर पाठवणावळ कॅटपेक्षा जड होऊ शकते, आणि सीमाशुल्क वेगळं. हा हिशेब छापण्याच्या दराशेजारी मांडल्याशिवाय तुलना करू नका.

कागदवेडा

३०० की ३३० हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी लागलाय. जीएसएम हे वजन आहे. दाबून पातळ केलेला ३३० आणि फुगीर ३०० हे जाडीला सारखे निघू शकतात. हाताला जाणवते ती जाडी, लवचीकता आणि वरचं कोटिंग. पत्त्याच्या पानाची जाडी साधारण ०.३ मिमी असते.

त्याहून महत्त्वाचा आहे गाभा. खऱ्या पत्त्याच्या कागदात दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये रंगीत डिंकाचा पातळ थर. निळा गाभा खोलीतल्या दिव्याला पुरतो. मागून टॉर्च धरला तर थोडं झिरपतं. काळ्या गाभ्यातून काहीच दिसत नाही. गाभा नसलेला आर्ट कार्ड कितीही जाड घ्या, खिडकीसमोर धरलात की इस्पिकचा एक्का पाठीमागून वाचता येतो, कारण तिथे एवढं मोठं काळं चिन्ह असतं. शिवाय वाकवल्यावर त्यावर पांढरी घडी उमटते आणि ती जात नाही. गाभ्याचं पान वाकून परत सरळ होतं.

मेकप्लेइंगकार्ड्सवर पिसण्यासाठी दोनच पर्याय बघा. एम३१ हा ३१० जीएसएमचा लिनन आणि एस३३ हा ३३० जीएसएमचा गुळगुळीत. एस३० हा ३०० जीएसएमचा कागद स्वस्त पडतो आणि नमुन्यापुरता ठीक आहे.

लिननमध्ये छपाई झाल्यावर रोलरने बारीक जाळी दाबतात. त्या खळग्यांत हवा राहते, म्हणून पानं एकमेकांना चिकटत नाहीत आणि पंखा छान उघडतो. मोल एकच: जाळीवर अगदी बारीक रेघ तुटक दिसते. तुमच्या राण्यांच्या दागिन्यांत केसासारख्या रेघा असतील तर त्या मऊ पडतील. गुळगुळीत कागदावर तेच चित्र लख्ख येतं, पण दमट हवेत पानं गठ्ठ्याने सरकतात. त्यावर फॅनिंग पावडर, म्हणजे झिंक स्टिअरेट, चालते. पण दर महिन्याला पावडर लावत बसायची हौस सगळ्यांना नसते. खेळायलाच हवा असेल तर लिनन घ्या.

प्लास्टिक ओल्या टेबलावर, मुलांच्या हातात, बाहेरगावी उत्तम. पुसता येतं, घडी पडत नाही. पण गठ्ठा टेबलावर घसरतो, कोरड्या हवेत पानं स्थिर विजेने चिकटतात आणि पिसताना कागदाचा तो करकरीत आवाज येत नाही. पहिल्या १० कॅटसाठी मी तरी नको म्हणेन.

किलवर गुलाम

कागदावरचं म्हणणं मान्य. पण या कॅटची खरी अडचण ती १.५ मिमीची किनार आहे.

डिजिटल छपाईत आणि कटिंगमध्ये शीट इकडेतिकडे सरकतं. ०.८ मिमी सरकणं कुठलीही सेवा दोष मानत नाही. तुमच्या किनारीत ०.८ सरकलं की एका बाजूला ०.७ मिमी उरते आणि समोरच्या बाजूला २.३. तिप्पट फरक, आंधळ्यालाही दिसेल. तेच ४ मिमीच्या किनारीत ३.२ आणि ४.८ होतं, लक्षही जात नाही. किनार ठेवायचीच तर ४ मिमी करा, नाहीतर काढून टाका.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. १८ पानांचं एक शीट डावीकडे सरकलं, दुसरं उजवीकडे, की कॅटमध्ये दोन-तीन प्रकारच्या पाठी तयार होतात. सवयीच्या खेळाडूला मग बदामचा एक्का कुठल्या गटात आहे ते कळतं. पान उलटं धरलं की जाड किनार दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून नुसती दिशाही कळते. किनार न ठेवता मध्यम रंगाची एकसारखी नक्षी काठापर्यंत नेली तर सरकणं लपतं.

याच ओघात पाठ दोन्हीकडून सारखी आहे का तेही तपासा. वरचा अर्धा भाग १८० अंश फिरवून खाली लावायचा असतो. बरेच जण आरशासारखा उलटवतात. नक्षीत एकही तिरकी वेल असली तर तो फसतो, कारण पान फिरवल्यावर वेल दुसऱ्या दिशेला झुकते. फाइल १८० अंश फिरवून मूळ फाइलवर ठेवा आणि लेयरला डिफरन्स मोड लावा, त्यात दोन फायलींतला फक्त फरक दिसतो. सगळं काळं दिसलं पाहिजे.

रेषाळ

किनार काढून टाकली. नक्षी सममित नव्हतीच, डिफरन्समध्ये लगेच कळलं. पण मग गडद निळा थेट काठापर्यंत जातोय. चालेल का?

शाईवाला

गडद निळा काठापर्यंत नको. कापलेल्या कडेला कागद पांढरा किंवा गाभ्याच्या रंगाचा दिसतो. पिसताना कडेची शाई टवका टवका उडते आणि थोड्याच दिवसांत निळ्या पाठीला पांढरे ठिपके पडतात. कुठलं पान जास्त पिटलंय ते त्या ठिपक्यांवरून ओळखू येतं. म्हणजे किलवर गुलाम यांनी वर सांगितलेला घोळ मागच्या दाराने परत आला. काठाजवळच्या शेवटच्या ३ ते ४ मिमीत नक्षीचा रंग फिका करा किंवा त्यात मोकळी पांढरी जागा वाढवा.

शिवाय गडद निळा हा छपाईतला जुना दगाबाज. पडद्यावर निळा, कागदावर जांभळा. सायन आणि मॅजेंटा फार जवळ आले की असं होतं. फाइल आरजीबीतच द्या, पण आधी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं, प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील त्याची पडद्यावरची झलक) बघा आणि मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. १०० सायनला ६५ मॅजेंटा चालेल, ९० नाही. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि नारिंगीही मंद पडतात, त्याला इलाज नाही.

आरजीबीतला काळा छापताना चारही शाया मिसळून तयार होतो. शाया थोड्या सरकल्या की बारीक काळ्या अक्षराला रंगीत कड येते. म्हणून आकड्यांचा टाइप ठळक घ्या, ०.५ पॉइंटपेक्षा बारीक रेघ टाळा, आणि गडद पार्श्वभूमीवर ७ पॉइंटपेक्षा लहान पांढरी अक्षरं नकोतच. नियमांचा मजकूर डब्यावर नेणार असाल तर हे आधी बघा.

सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे पाठीचा रंग प्रत्येक छपाईत थोडा वेगळा निघतो. तेच मशीन, तीच फाइल, तरीही. त्यामुळे हरवलेली चौकटची सत्ती नंतर एकटी छापून आणली, किंवा कॅटला चार वाढीव पानं पुढच्या ऑर्डरमध्ये घेतली, तर ती पाठीवरून ओळखू येतील. कोटिंगची चमकही कमीजास्त असते. पुढे पानं वाढवायचा विचार असेल तर ती आत्ताच छापा, नाहीतर सगळ्या पानांना अपारदर्शक पाठीचे स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, घाला. स्लीव्ह घातल्यावर लिनन की गुळगुळीत ही चर्चाच संपते.

तिर्री

शाईवाल्यांना दुजोरा. विक्रीसाठी संख्या वाढायला लागली तरी हेच लक्षात ठेवा. ५०० किंवा १००० कॅटच्या पुढे ऑफसेट छपाई परवडायला लागते. प्लेट आणि तयारीचा खर्च एकदाच होतो, रंग एकसारखा येतो, कटिंगही जास्त नेमकं. तिथे शीट बहुधा ५६ पानांचं असतं, म्हणूनच बाजारातल्या कॅटमध्ये ५२, २ जोकर आणि २ जाहिरातीची पानं सापडतात. पण १०च्या ऑर्डरला त्या वाटेला जाऊच नका.

कागदवेडा

ऑर्डर देताना राहून जाणारी गोष्ट म्हणजे डबा. ५४ पानं × ०.३ मिमी म्हणजे १६.२ मिमी. डब्याचा टेम्पलेट पानांची संख्या आणि कागद या दोन्हींवर ठरतो. आधी डबा रंगवून मग कागद बदललात तर पानं खुळखुळतील किंवा झाकण फुगेल. घडीच्या रेषेवर गडद रंगाचे सपाट पट्टे टाळा, तिथे शाई तडकून पांढरी रेघ येते.

आणि १० कॅट एकदम मागवू नका. आधी १ मागवा, जो कागद अंतिम घेणार तोच. स्वस्त कागदावर रंग तपासून महागड्यावर छापलं तर रंगही बदलतो आणि हाताला लागणारा स्पर्शही. आला की आधी मोजा, मग इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार गठ्ठे लावून दुर्रीपासून एक्क्यापर्यंत प्रत्येक पान नजरेखालून घाला. एक फाइल दोनदा अपलोड होऊन दश्शीच्या जागी दुसरी नश्शी येणं हा नेहमीचा प्रकार आहे. तो अपलोड करणाऱ्याचा घोटाळा धरला जातो, भरपाई मिळत नाही. मग सगळ्या पाठी वर करून टेबलावर पसरा आणि लांबून बघा. वेगळी दिसणारी पानं दोन सेकंदांत डोळ्यांत भरतात.

गठ्ठा टेबलावर ठेवून वाकलेला दिसला तर घाबरू नका. एका बाजूला शाई जास्त बसली किंवा हवा दमट असली की होतं. पानं हलकेच उलट वाकवा आणि घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. त्यानंतरही एकेक पान वेगवेगळ्या दिशेला वळलेलं असेल तर कागदाचा तंतू सगळ्या शीटांवर एकाच दिशेने नाही. ते सुधारत नाही, फोटो काढून तक्रार करा.

रेषाळ

नियम डब्यावर नेतो, म्हणजे ५४ पानं. काठ फिका, लिनन, आधी १ नमुना. शेवटचं एक: चारही कोपऱ्यांत आकडे द्यावेत का?

किलवर गुलाम

दोन कोपरे पुरतात, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. डावखुरा माणूस पंखा उलट्या बाजूने उघडतो, त्याला आकडे झाकलेले दिसतात. चार कोपरे त्याच्यासाठी. जागा असेल तर द्या, पण राजा-राणीच्या चित्रावर चढत असतील तर राहू द्या. आकडा आणि खालचं चिन्ह मिळून डाव्या कडेपासून १२ मिमीच्या आत बसवा. १३ पानं हातात धरून बघा, त्यापेक्षा जास्त पट्टी दिसत नाही.