क्रेनखाली जखमी झालेला गोदी कामगार: आधी आयुक्तांकडे अर्ज की आधी जहाज अडवायचं?

गोदीकर
जहाजाच्या क्रेनची वायर तुटून धक्क्यावरच्या कामगाराची बोटं गेली, की युनियनवाले लगेच नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज टाकतात. ही घाई नडते. २१ नोव्हेंबर २०२५ आधीच्या अपघातांना लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम ३(५) सांगतं की आयुक्तांपुढे दावा लावला की त्याच दुखापतीसाठी कोर्टात नुकसानीचा दावा चालत नाही. म्हणजे जहाजमालकही सुटला.

वास्तविक २०१७ च्या अॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यानुसार जहाज चालवण्याच्या कामात झालेली शारीरिक इजा हा सागरी दावा आहे. मुंबई उच्च न्यायालय जहाज अडकवून ठेवू शकतं. या दाव्याचा बोजा जहाजावरच बसतो, मालक बदलला तरी. जहाज बंदरात असतानाच हे करायला हवं. नांगर उचलला की मागे धावून उपयोग नाही.

कलमबहाद्दर
ऐकायला झकास, पण हिशेब मांडा. अपघात २०२४ चा, वय ३५, तीन बोटं गेली. पगार १५,००० च्या वर कितीही असो, दरमहा १५,००० च धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयाचा गुणक १९७.०६, म्हणजे पूर्ण अपंगत्वाचे १७,७३,५४०. एका हाताची तीन बोटं म्हणजे परिशिष्टाप्रमाणे ३० टक्के, म्हणून ५,३२,०६२ रुपये. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदार पळाला तर कलम १२ खाली मुख्य मालकाला धरता येतं. आणि अर्ज कामगाराच्या गावच्या आयुक्तांकडेही चालतो, मुंबईला खेटे नकोत.

अॅडमिरल्टीत निष्काळजीपणा सिद्ध करायचा, वकिलाची फी भरायची, आणि वर 'लोंबत्या मालाखाली उभाच का होतास' हे ऐकून रक्कम कमी करून घ्यायची. घरी चूल तोवर कशावर पेटणार?

शॅकल
तुटलं काय, हे दोघंही विचारत नाही. क्रेन, हुक आणि फॉल-वायर (हुक वर-खाली करणारी क्रेनची वायर) जहाजाची. स्लिंग (माल बांधायचा दोर) आणि शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) मात्र बऱ्याचदा स्टीव्हडोरचे, म्हणजे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ठेकेदाराचे असतात. स्टीव्हडोरचा स्लिंग तुटला तर जहाज अडवून काय मिळणार?

उदाहरण घ्या. ४ टनांचा पाइपचा जुडगा, दोन पायांचा स्लिंग, प्रत्येक पाय ३ टनांचा. पायांमधला कोन ६० अंश असेल तर एका पायावर २.३१ टन येतात, बिनघोर. पण स्लिंग आखूड निघाला, कोन १२० झाला, तर प्रत्येक पायावर पुरे ४ टन. वजन तेवढंच, स्लिंग मात्र ओव्हरलोड! असा तुटला तर दोष टोळीच्या फोरमनचा.

उलट फॉल-वायर तुटली तर तुकडा मोजा. २० मिमीची ६×१९ वायर, म्हणजे सहा पेड, प्रत्येकात १९, अशा ११४ तारा. जाडीच्या आठपट, म्हणजे १६० मिमी लांबीत दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या असतील तर ती कामातून बाद करायला हवी होती. बारा तुटक्या तारा, आतून गंज, ग्रीसचा पत्ता नाही, असं निघालं तर जहाजाला पळवाट कमी उरते.

म्हणून पहिल्या दोन तासांत तुटका तुकडा सील करून ताब्यात घ्या, शॅकलवरच्या वजनाच्या खुणेचा फोटो काढा, जहाजाच्या लिफ्टिंग गिअर रजिस्टरची (उचलायच्या साधनांच्या तपासणीच्या वहीची) प्रत मागा, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक) आणि एजंटचं नाव लिहून ठेवा, डॉक सेफ्टी निरीक्षकाला कळवा. बरेचदा धक्का मोकळा करायच्या नादात तुकडा भंगारात जातो.

कलमबहाद्दर
हे पटलं. पण ३(५) बाबत एक सांगतो. पहिल्या भागात 'मालक किंवा इतर कोणीही' असं स्पष्ट आहे. म्हणजे आधी दिवाणी दावा टाकलात तर आयुक्तांकडची भरपाई गेली. दुसऱ्या भागात ते शब्द नाहीत, तिथे जहाजमालकाचा वकील आणि तुमचा वकील भांडू शकतात. त्या वादावर गरिबाने पोट बांधू नये. बोटांचे ३० टक्के हीही वरची मर्यादा नाही. प्रतापनारायण सिंग देव प्रकरणात (१९७६) कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराचं सर्वोच्च न्यायालयाने १०० टक्के नुकसान धरलं, कारण त्याला सुतारकामच जमणार नव्हतं. हुक धरता येत नसलेल्या रिगरनेही (माल बांधून हुकाला अडकवणाऱ्यानेही) हे मागावं.

आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर मालकाविरुद्ध ही वाटच बंद, तिथे ईएसआयकडेच जावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अपघाताला सामाजिक सुरक्षा संहिता बघा.

गोदीकर
ठीक, स्टीव्हडोरचा स्लिंग असेल तर मी माघार घेतो. जहाजाची वायर असेल तर नाही. आयुक्तांकडे दोन वर्षं आहेत, पण जहाजावरचा बोजा एका वर्षात संपतो, तोवर जहाज अडकवलं नसेल तर. म्हणून आधी वायर कुणाची ते ठरवा, मगच अर्ज. अडकवलेल्या जहाजाला दररोज खर्च चढतो, म्हणून विमा क्लबचं (जहाजमालकांच्या विमा संघाचं) हमीपत्र बहुधा लवकर येतं. तेवढं हातात आलं की जहाज गेलं तरी चालेल.

फोरमन मधल्या काळात स्टॅम्पपेपर घेऊन दवाखान्यात येतो, 'एक लाख घे, सही कर' म्हणतो. हक्क सोडणारा करार कलम १७ ने रद्दच आहे. पण कायद्याप्रमाणे भरपाई देण्याचा करार केलात, तर तोही ३(५) मधे मोजला जातो. म्हणून कोरा असो वा भरलेला, कागदावर अंगठा नको.