थरच्या वाळवंटातल्या राईकांनी आता एका जागी स्थिरावावं का?

पांथस्थ :
उंटांवर खाटा, हंडे आणि कोकरं लादून मेंढ्या हाकत निघालेले कच्छचे रबारी विदर्भात अनेकांनी पाहिले असतील. राजस्थानातले उंट-मेंढ्या पाळणारे राईका त्यांचेच भाऊबंद. त्यांचा विषय निघाला की "पुरे झालं फिरणं, यांना घरं देऊन बसवा" हे हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही.

जैसलमेरकडे वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पडतो तोही एका गावाला झोडपतो नि शेजारच्याला हुलकावणी देतो. तिथे कळप एकाच जागी ठेवला तर सेवण गवताची मुळंही उरायची नाहीत. म्हणून दिवाळीनंतर काही कुटुंबांची मिळून 'डांग', म्हणजे कळपांसकट तांडा, निघते. नंबरदार म्हणजे तिचा म्होरक्या. मुक्काम कुठे, किती दिवस, शेतमालकाशी सौदा काय, हे तो बघतो. पावसाळा लागला की घराकडे. गावाला घरं आहेतच त्यांची! बेघर म्हणून ते फिरत नाहीत, वाळवंटात जगायची ही त्यांची रीत आहे.

गुरुजी :
मी साखरशाळेत शिकवलंय, त्यामुळे थोडं कडक बोलतो. रीत मोठ्यांची, पण वही बंद होते पोरांची. ऊसतोडीला गेलेली मुलगी चार महिन्यांनी परत येते तेव्हा वाचन विसरलेली असते. डांगेतल्या मुलीचं वेगळं काय होणार? वाटेत बाळंतपण आलं तर दवाखाना किती लांब? दुरून ही जीवनशैली सुंदर दिसते, पण ती पुढच्या पिढीला हवी आहे का, हे कुणी विचारलंय?

पांथस्थ :
गुरुजी, शाळेचा मुद्दा मान्य. पण तुम्हीच सांगा, ऊसतोड थांबवली का आपण? शाळा फडापर्यंत नेली. मग राईकांनाच "फिरू नका" का सांगायचं? मुलांसाठी वसतिगृह काढता येईल, कळपासाठी काढता येणार नाही.

काळी_माती :
यवतमाळचा शेतकरी आहे. आमच्याकडे रिकाम्या वावरात धनगरांच्या मेंढ्या बसवतात, तशा रबाऱ्यांच्याही बसवतो. लेंडीखताचा गुण पुढच्या पिकात दिसतो. पण कळप तुरीत शिरला की भांडण ठरलेलं, आणि नुकसान भरून कोण देणार? पूर्वी पडीक रान भरपूर होतं, आता बांधाला बांध लागलेत. माणसं वाईट नाहीत, त्यांची वाटच उरलेली नाही.

गुरुजी :
तेच म्हणतोय. वाटच नसेल तर चालणार कुठे?

सांगरी :
वाट आपोआप गेली नाही हो, काढून घेतली. कुंभलगडच्या अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या चराई होती, तिथे बंदी आली. कालव्याचं पाणी आलं तिथे चराऊ रानाची शेतं झाली. उंटाचंच बघा. २०१४ मध्ये राजस्थानने त्याला राज्यपशू केलं. २०१५ च्या कायद्याने कत्तलीबरोबर परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यावरही बंदी आली. राईका स्वतः उंट मारत नाहीत. पण नर उंट विकूनच हातात रोकड यायची, ते गिऱ्हाईक तुटलं. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांवर उंट होते, २०१९ मध्ये २ लाख १३ हजारांच्या आसपास उरले. उंटिणीचं दूध विकणं ज्यांच्यात पाप मानलं जायचं, ते आता दुधाला गिऱ्हाईक शोधताहेत.

काळी_माती :
आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही जानेवारी २०२२ मध्ये कच्छच्या रबाऱ्यांचे ५८ उंट कत्तलीच्या संशयावरून अडवले होते. उंट सोडवायला कोर्टात जावं लागलं, तोवर काही दगावले. वर्षानुवर्षं या भागात फिरणारी माणसं ती.

गुरुजी :
हे मला माहीत नव्हतं. पाळणाऱ्यावरच संशय, हे चूकच. तरी मुलींच्या शाळेवरचं माझं म्हणणं सोडत नाही. फक्त "बसवा" हा शब्द मागे घेतो. बसायचं की चालायचं, हे त्या मुलीने शिकून ठरवावं.

पांथस्थ :
आणि तिने चालायचं ठरवलं तर तिच्यासाठी ओरण (देवाच्या नावाने राखलेलं रान), टोबा (पावसाचं पाणी साठवणारं तळं) आणि चराईचा परवाना शिल्लक हवा. त्यावर कुणी काम करत असेल तर इथे लिहा, मला जोडून घ्यायचंय.