मदत हवी आहे: दिनदर्शिकेत जुनी चित्रे छापायची आहेत, परवानगी लागेल का?

वाचनालयाच्या दिनदर्शिकेच्या ५०० प्रती काढून सभासदांना मोफत वाटायच्या आहेत. राजा रविवर्मा, दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रे आणि चौकातल्या पुतळ्याचा एक फोटो घ्यायचा विचार आहे. छापखानेवाले म्हणतात, विकत नाही ना, मग खाली 'साभार' लिहा आणि रंग थोडे बदला. एवढ्याने भागेल का?

प्रतिसाद १
नाही भागणार. 'साभार' म्हणजे परवानगी नव्हे. 'तीस टक्के बदल केला की चित्र आपले' असा नियम १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. तेच चित्र हाताने पुन्हा काढले तरी ती नक्कलच. मोफत वाटल्याने फार तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, उल्लंघन मात्र उरतेच.

मुदत अशी मोजा: चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रे मोकळी आहेत. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१पर्यंत हक्क शाबूत. मुळगावकर १९७६, म्हणून २०३६अखेर. बाजारात 'रविवर्मा' म्हणून खपणारी बरीच चित्रे नंतरच्या चित्रकारांची असतात. सही नीट बघा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

प्रतिसाद २
परवानगी कोणाकडे मागायची हा खरा घोळ. मूळ चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याला छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. प्रकाशकाने पैसे देऊन चित्रकाराकडून चित्र करवून घेतलेले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क त्या प्रकाशकाचा असू शकतो, नाहीतर चित्रकाराच्या वारसांचा. म्हणून दोन्हीकडे विचारा आणि लेखीच घ्या: चित्राचे नाव, प्रतींची संख्या, वर्ष, मानधन. पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणार असाल तर तेही त्यात लिहून घ्या, छपाईच्या परवानगीत ते धरले जात नाही.

सार्वजनिक जागी कायमचा उभारलेला पुतळा असेल तर फोटो काढायला त्याच कायद्याचे कलम ५२ मुभा देते. पण दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर त्याचा हक्क असतो, तेव्हा स्वतः जाऊन काढा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही सवलत नाही, हे फार जणांना ठाऊक नसते.

धागाकर्ता
मग दलाल-मुळगावकरांची पाने परवानगी येईपर्यंत थांबवतो. रविवर्म्यांची चित्रे कुठून घ्यावीत?

प्रतिसाद १
जुनी छापील प्रत मिळवून स्वतः स्कॅन करा. ए-४ पानाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेणार असाल तर तिथल्या वापराच्या अटी आधी वाचा.