फेणी आणि क्राफ्ट बार: कुणी कुणाला वाचवलं?

कातळपड:
परवा एका सदस्याने इथे ठोकून दिलं की 'फेणी म्हणजे वास मारणारी गावठी, मुंबई-पुण्याच्या क्राफ्ट बारनी तिला माणसात आणली'. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

माझं आजोळ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. काजूचा हंगाम लागला की मामाच्या भट्टीवर सगळं घर. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायचे नाहीत, आपणहून पडलेले तेवढे वेचायचे. तुडवून काढलेला रस आंबला की पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा भट्टीवर चढला की फेणी. या फेणीला 2009 साली जीआय, म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावायचा हक्क, मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने वारसा पेय ठरवलं. यात तुमच्या क्राफ्ट बारमधल्या कॉकटेलवाल्या मिक्सॉलॉजिस्टचा हात कुठे आला? तुम्ही काय करता, तर पेल्यात नावाला 15 मिली फेणी, बाकी पॅशनफ्रूट सिरप आणि कोकमाचा फेस. बिल 900 रुपये. वास नको असेल तर व्होडका प्या ना!

शेकरवाला:
मामांना नमस्कार. आता बारच्या मागे उभं राहून पोट भरणाऱ्याचंही ऐका.

15 मिली हा कंजूषपणा नाही. फेणी बडबडी आहे, 45 मिली ओतली तर पेल्यात दुसरं कुणी बोलूच शकत नाही. लिंबू तिच्यापुढे टिकतं, संत्रं झोपतं. कोकमाचं म्हणाल तर आगळ वेगळं आणि अमृत कोकम वेगळं, हे नव्या पोरांच्या डोक्यात शिरायला महिने जातात. आगळात मीठ असतंच, अमृत कोकमात साखर. एकाच्या जागी दुसरं पडलं की अख्खी बॅच मोरीत.

आणि तुमच्याकडे हुर्राकात लिमका, चिरलेली मिरची आणि मीठ घालतात ते काय असतं? तीर्थ?

कातळपड:
ते भर दुपारी झाडाखाली प्यायचं पेय आहे. त्यावर खायची फुलं आणि सर्व्हिस चार्ज लावत नाही कुणी.

दोडामार्गकर:
तुमचा चलांदे. आमच्या बागेत बोंडू कुसतत, त्याचा कोण बोलतलो?

शुद्धात सांगतो, बोंडू कुजतात. आमच्याकडे, सीमेच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला, बी विकली जाते, बोंडूला विचारतो कोण? सकाळी वेचलेला संध्याकाळी आंबतो, ठेवणार कुठे? मग गोव्याचा टेम्पो येतो आणि तो सांगेल तो भाव. गेल्या हंगामात वडिलांनी भाव ऐकून क्रेट सरळ झाडाच्या बुंध्याशी उपडे केले. बोंडू आमचा, पण त्याचा वारसा होतो तो मात्र पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, गोव्यात. इथे गाळून फेणी म्हणावं तर जीआय आडवं येतं.

माडाचीच_बरी:
येणारच आडवं. कर्नाटकचा आंबा 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेटीत निघाला की तुम्ही किती बोंब मारता? तेव्हा जीआय गोड लागतं.

दोडामार्गकर:
आंब्याचं सोडा. कोल्हापुरी चपलेचं जीआय महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोघांना मिळून दिलंय ना? चप्पल सीमा ओलांडते आणि काजूला तेवढा पासपोर्ट लागतो?

माडाचीच_बरी:
2009 च्या आधी तुमच्यातल्या कुणी फेणीसाठी अर्ज केला होता? आम्ही कागद रंगवले, तुम्ही बी विकून मोकळे झालात. आता वाटा मागताय.

दोडामार्गकर:
बी विकून मोकळे?? या एकदा मे महिन्यात, काजूच्या चिकाने सोललेले हात दाखवतो. एसीत बसून कागद रंगवणं सोपं आहे.

माडाचीच_बरी:
एसी कुणाच्या बापाकडे आहे? आमचेही हात तेच करतात. वैयक्तिक होऊ नका.

साधा_सोडा:
दारूवर एवढे प्रतिसाद. परवाच्या पाणीटंचाईच्या धाग्यावर चिटपाखरू नव्हतं.

जव्हारची:
फेणीवाल्यांनो, तुम्हाला भांडायला वारसा तरी आहे. इंग्रजांनी 1892 च्या मोहवा कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं. दारू गाळणं लांबच, फूल जमवणंही संशयाचं! माझी आजी तीच फुलं वाळवून भाकरीच्या पिठात मळायची. आता शहरातले बार मोह 'शोधून काढतात' आणि पाड्यावर अजून छापाच पडतो. यावर धागा काढला तर येणार आहे का कुणी?

शेकरवाला:
जव्हारची, तुमचं शंभर टक्के खरं. दोडामार्गकर, तुमच्याकडचा माल फेणी न म्हणता वेगळ्या नावाने, रीतसर परवान्यासह आला तर मी पहिला ठेवीन. गिऱ्हाईक नावाला नाही, चवीला परत येतं.

दोडामार्गकर:
परवाना काढून द्या, नाव आम्ही ठेवतो. बारशाला या.

कातळपड:
आगळाच्या मिठाचं मान्य, एवढे उपकार करतो. 15 मिलीचंही एक वेळ चालवून घेईन. पण मेनूवर जिनचा ब्रँड ठळक छापता आणि खाली नुसतं 'फेणी'? काजूची की माडाची, कुठल्या भट्टीची, काहीच नाही. हे कसलं वाचवणं?

शेकरवाला:
जिनवाले मेनू छापायचे पैसे देतात. मामा देणार असतील तर त्यांचं नाव सगळ्यात वर टाकतो.