जुन्या लॅपटॉपला रॅम टाकू, प्रोसेसरही बदलू, की विकूनच टाकू?

सातपूरकर: घरी थिंकपॅड टी४४०पी पडलाय, आय५ ४३००एम प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि तीच जुनी फिरणारी हार्डडिस्क. पोरगा डिप्लोमाला आहे, त्याला टूडी ऑटोकॅड लागतं, मला टॅली. एमजी रोडला एक दुकानवाला म्हणाला यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. मला वाटतं रॅम आणि प्रोसेसर दोन्ही बदलले की तीन-चार वर्षं आरामात निघतील. काय म्हणता?

पंचवटी_पक्या: रॅम टाकाच, पण प्रोसेसरचं खूळ कशाला? तुमचं रडगाणं हार्डडिस्कचं आहे भाऊ. आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, सोबत ८ जीबी रॅम, मग बघा चालू व्हायला किती वेळ लागतो ते.

अंबडचा_फिटर: असं कसं खूळ? या मॉडेलला प्रोसेसर सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) आहे, आजकालच्या लॅपटॉपसारखा बोर्डाला चिकटवलेला नाही. खालचं झाकण दोन स्क्रूवर आहे, ते सरकवलं की रॅम, पंखा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा भाग) सगळं समोर येतं. हीटसिंक काढला की सॉकेटचा स्क्रू चपट्या ड्रायव्हरने फिरवायचा, चिप अलगद सुटते, ओढाताण करायची नाही. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून पार खडू झालेली असते, नवी लावली तरी निम्मा त्रास जातो. आय७ ४७१२एमक्यू टाका, तोही ३७ वॉटचाच, म्हणजे जास्त तापायचा प्रश्न नाही, आणि २ चे ४ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) होतात.

पंचवटी_पक्या: ४ कोर घेऊन करणार काय? टूडी ऑटोकॅड बहुतेक एकाच कोरवर चालतं, आणि टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, दोघांचाही ३.३ गिगाहर्ट्झच. पोरगं लाइन काढतंय, सिनेमा रेंडर करत नाहीये 😀 पेस्ट मात्र बदला, त्याबद्दल वाद नाही, एप्रिल-मेमध्ये नाशिकला पण पंखे बोंबलतात.

गंगापूररोडची_ताई: तुम्ही दोघं कोर मोजत बसा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेल प्रोसेसरच्या ८ व्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, हा ४ थ्या पिढीचा. टॅलीत जीएसटी, बँकेचे तपशील, सगळं त्याच मशीनवर! दादा, त्याच पैशात थोडी भर घालून ८ व्या पिढीचा सेकंडहँड बघा.

अंबडचा_फिटर: ताई, लिनक्स टाकला तर?

गंगापूररोडची_ताई: आणि ऑटोकॅड कुठे चालवायचं, त्याला लिनक्सची आवृत्तीच नाही. लिनक्सच्या आत विंडोज चालवायच्या, व्हर्च्युअल मशीनच्या भानगडी पोराला परीक्षेच्या आधी नकोत.

सातपूरकर: ताईंचं पटतंय, पण आत्ता दुसरा घ्यायची सोय नाही. प्रोसेसर राहू दे मग, एसएसडी आणि ८ जीबी आणतो, टॅलीचं बँकेचं काम ऑफिसच्या मशीनवर.

पंचवटी_पक्या: एकच, रॅमच्या लेबलवर पीसी३एल असायला हवं, तो एल बघूनच घ्या, १.३५ व्होल्टची. साधी १.५ वाली दुकानदार 'सेमच आहे' म्हणून गळ्यात मारतात. आणि ४-४ च्या दोन घ्या.

अंबडचा_फिटर: झाकण उघडणारच आहात तर पेस्ट लावताना एकदा सॉकेट बघून ठेवा. मन बदललं तर सांगा.